पानी आयकते

मृगाची पहिली सर कोसळून गेली, तापलेल्या मातीचा वास ओसरीपर्यंत आला आणि दिवेलागण झाली, की कामठीच्या आमच्या घरात आई सगळ्या खोल्यांतले दिवे मालवी, ओसरीवर एकच कंदील ठेवी आणि त्याच्याखाली पाण्याने भरलेली पितळी परात सरकवी; कारण त्या संध्याकाळी भिंतीच्या पायथ्यातून, कडुनिंबाच्या बुंध्याशी पडलेल्या भेगांतून, परसातल्या जुन्या लाकडांच्या राशीतून पंख फुटलेली वाळवी हजारोंनी वर येई, उजेडाकडे झेपावे आणि उजेडाचे प्रतिबिंब पडलेल्या त्या पाण्यात चिकटून राही. मी परातीशी उकिडवा बसून पाहत राही. किड्याचे तपकिरी अंग पाण्यात किंचित बुडालेले असे, चारही लांबट पंख मात्र पृष्ठावर सपाट पसरलेले असत, आणि सुटण्यासाठी तो धडपडला म्हणजे त्याच्याभोवती इतकी सूक्ष्म वलये उठत, की कंदिलाचा उजेड तिरपा पडल्याखेरीज ती दिसू नयेत. त्याच घटकेला, अर्ध्या कोसावर, कन्हान नदीच्या डोहावरही हेच चाललेले असते आणि त्या वलयांची वाट पाहणारे कोणी तेथे पाण्याखाली असते, हे कळायला मला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

वडील शाळामास्तर होते आणि जुन्या वस्तूंचा त्यांना नाद होता. छावणीतल्या कोणा साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यातून त्यांनी एक पत्र्याची चपटी डबी आणली. डबीत लोकरीच्या कापडावर ओळीने टोचलेले बारीक बारीक गळ होते आणि प्रत्येक गळावर रेशीम, लोकर आणि पिसे गुंडाळून एकेक कीटक घडविलेला होता. निम्म्यांना कसर लागलेली होती. पण एकावर काळसर पिसाची एक पट्टी शाबूत होती, आणि त्या पट्टीवर लाखेचे थेंब सुकावेत तसे पांढरे-पिवळे चकचकीत ठिपके होते. ते पीस राखी रानकोंबड्याच्या मानेवरचे, हे मला पक्ष्यांच्या एका पुस्तकातून उमगले. मेळघाटासारख्या सातपुड्याच्या रानांत पहाटे आरवणारा हा आपला पक्षी. त्याच्या मानेची पिसे एके काळी जहाजे भरभरून विलायतेस जात, तेथे माशी-गळावर बांधली जात, आणि त्यांतलीच काही साहेबांच्या पेटाऱ्यातून पुन्हा या मुलखात येत. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या पक्ष्याला अभय आहे. ते एक पीस मी अजून जपून ठेवले आहे. पाण्यात मात्र ते कधी टाकले नाही.

या विद्येला इंग्रजीत फ्लाय फिशिंग म्हणतात, आणि आपल्या नेहमीच्या गळाहून तिची रीत अगदी मुळातच निराळी आहे. आपण गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावतो, तो वजनाने लांब जातो आणि दोरी त्याच्यामागून जाते. माशी-गळाला वजन नसते. वजन असते ते दोरीला, आणि ती जड दोरी लवचीक काठीने मागे-पुढे झुलवून, हवेत तिचा एक लांब वळसा उभा करून, तो वळसा पुढे उलगडत नेला म्हणजे त्याच्या टोकाशी बांधलेली पिसांची माशी शेवटी, सगळी गती सरल्यावर, पाण्यावर उतरते. उतरते हाच शब्द योग्य. आपटली तर सारे फुकट. इसवी सनाच्या सुमारे दोनशेव्या वर्षी ईलिअन नावाच्या ग्रंथकाराने मॅसिडोनियातले कोळी गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसे कशी बांधीत हे लिहून ठेवले आहे. आयझॅक वॉल्टनचे मासेमारीवरचे प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १६५३ चे. आणि मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याचे हिंदुस्थानातल्या गळाविषयीचे पुस्तक १८७३ चे. परंतु या साहेब मंडळींचे चित्त येथे मुख्यतः महसीर माशावर जडलेले असे, कारण तो स्वच्छ, वाहत्या, खडकाळ पाण्यातला, देखणा आणि झुंजार. गढूळ डोहाच्या तळाशी राहणारे मिशांचे मासे आणि आळशासारखे हिंडणारे रोहू-मृगळ यांना त्यांनी एकंदरीने खालच्या पायरीवर बसविले. अमेरिकेतही असेच घडले. १८७७ साली सरकारने जर्मनीहून सायप्रिनस मासा मुद्दाम आणविला, पुढे पाणी गढूळ करणारा म्हणून लोकांनी त्याचा तिरस्कार केला, आणि आता त्याच माशासाठी तेथले निष्णात लोक दिवसदिवस माशी-गळ घेऊन चिखलात उभे असतात.

आपल्या परंपरेने ही पायरी मानली नव्हती, आणि मला त्याचे फार समाधान वाटते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात हव्यकव्यासाठी ग्राह्य म्हणून जे मासे सांगितले आहेत, त्यांत अग्रभागी दोन नावे आहेत: पाठीन आणि रोहित. रोहित म्हणजे आपला रोहू, आणि पाठीन म्हणजे रुंद तोंडाचा, लांब मिशांचा, बिनखवल्याचा मासा. एक खवल्यांचा आणि एक मिशांचा, दोघे एकाच पंक्तीला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात शंभर अध्यायांचा ‘मानसोल्लास’ रचला, त्यातला मत्स्यविनोद हा भाग तर काठी, दोरी, गळ आणि आमिष यांचाच आहे. कोणत्या माशाला काय रुचते याची चिकित्सा एका सम्राटाने इतक्या बारकाईने करावी, हे वाचून मी थक्क झालो होतो. त्या राजाच्या आणि माझ्या मधल्या आठशेहून अधिक वर्षांत डोहाकाठी बसणाऱ्याचे ध्यान फारसे पालटले असेल असे मला वाटत नाही.

मला मात्र हे शिकविले ते ग्रंथांनी नव्हे. कन्हानच्या जुन्या दगडी पुलाच्या खालच्या अंगाला एक म्हातारे ढिवर डोंगा बांधून राहत. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांताच्या जातिवर्णनात ढीमर म्हणजे ढिवरांविषयी लिहिलेले आहे, की मासे धरणे, पालखी वाहणे, पाणी भरणे आणि तलावात शिंगाडे लावणे ही त्यांची कामे. काकांनी यांतली पालखी सोडून सगळी केली होती. पहिल्या दिवशी मी डबी घेऊन धावत त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी डबीकडे पाहिलेच नाही, माझ्या पायांकडे पाहिले.

“पाय आपटू नोको, बाबू,” ते म्हणाले. “पानी आयकते.”

हे मी बालबुद्धीने एक दटावणी म्हणून ऐकले. पुढे वाचनात आले, की रोहू-कतल्याचे कुळ आणि मिशांच्या माशांचे कुळ ही वरून कितीही भिन्न दिसली तरी त्यांच्या शरीरात एक समान रचना आहे: पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत चिमुकल्या हाडांची एक साखळी जाते, पिशवीला पाण्यातला प्रत्येक कंप जाणवतो आणि ही हाडे तो कानाला पोचवितात. वेबर नावाच्या जर्मन शारीरशास्त्रज्ञाने १८२० साली ही हाडे वर्णिली. कन्हानकाठच्या अनक्षर ढिवराने तीच गोष्ट दोन शब्दांत सांगितली होती. तेव्हापासून मी नदीवर अनवाणी जातो.

काकांना पिसांच्या किड्यांचे नवल वाटले नाही. त्यांना वाटली काळजी. मासा कशावर आहे ते आधी पाहा, मग हे टाक, असा त्यांचा हुकूम होता, आणि तो पाळण्यात माझी दोन वर्षे गेली. त्या दोन वर्षांत मी कतला पाण्याच्या वरच्या थरात हिंडतो म्हणून त्याचे तोंड वर वळलेले असते, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाशी, हे पुस्तकाआधी पाण्यात पाहिले. उंबराची पिकलेली फळे डोहात पडू लागली की त्या झाडाखाली कोणते पाणी हलते, घाटावर कोणी लाह्या टाकल्या की त्या कोणत्या दिशेला वाहत जाऊन कोठे नाहीशा होतात, चैत्रात धार आटून डोह सुटे झाले म्हणजे मासे कोणत्या कपारीशी सावली धरतात, ही सारी जमाबंदी मनात पक्की झाली. माशी-गळाचा मोठेपणा मला यातच दिसतो. गांडूळ कोणत्याही नदीत गांडूळच असते आणि त्याचा वास मासा आपण होऊन शोधतो. पण पिसाला वास नाही, चव नाही, म्हणून ते टाकणाऱ्याला त्या नदीचे त्या दिवसाचे अन्न ठाऊक असावेच लागते. लाही म्हणून मी पांढऱ्या लोकरीचा बोंडासारखा पुंजका बांधला आणि त्यावर आलेला पहिला रोहू सव्वा शेराचा होता.

काठी बुरूडआळीतून आणली. आपल्याकडच्या डोंगरी बांबूचे कोंब पुष्कळदा भरीव असतात. तसा एक सरळ कोंब निवडून, सावलीत वाळवून, काकांनी तो तासून दिला. दोरी रेशमाची, मेण चोळलेली. माशी बांधायला सोनाराची चिमटी. कोंबड्याचे पीस गळाच्या दांड्याभोवती गुंडाळताना त्याचा प्रत्येक केस उभा राहिला पाहिजे, नाहीतर माशी बुडते. आणि धागा जरा ओढला तर तुटतो, जरा सैल सोडला तर पीस फिरते. कंदिलाजवळ मान वाकवून बसलो, की एका माशीला तास लागे.

मिशांच्या माशांचे तंत्र वेगळे, आणि खरे म्हणजे अधिक कठीण, कारण मागूर किंवा शिंगाळा डोळ्यांवर फारसा विसंबत नाही. त्याच्या मिशांवर चवीची केंद्रे असतात आणि मिशांवरच नव्हे, अंगभर असतात; म्हणजे तो सबंध मासाच एक जीभ आहे असे म्हणता येईल. अशा जिवाला निर्गंध पिसाने कसे फसवावे? मी काळ्या बकरीच्या केसांची बोटभर जाड माशी बांधली आणि दिवस मावळल्यावर खडकाच्या कडेने ती इतकी सावकाश ओढीत आणली, की तिने पाणी ढकलावे आणि त्या ढकललेल्या पाण्याने माशाच्या मिशा हलाव्यात. अनेक रात्री काही झाले नाही. एका रात्री दोरी एकाएकी जड झाली. झटका नाही, ओढ नाही, केवळ भार. तो शिंगाळा काठावर आणला आणि अधीरपणाने मुठीत धरला, तेव्हा त्याच्या कल्ल्यामागचा करवतीसारखा काटा माझ्या तळहातात रुतला आणि पुढचे दोन दिवस हात सुजून राहिला. काकांनी हळद आणि चुना लावून दिला, आणि त्या माशाला दोन बोटांत काट्यांच्या मागून कसे धरायचे ते दाखविले.

आता ज्या संध्याकाळसाठी हे सारे लिहायला घेतले, तिच्याकडे येतो. परातीत पाहिलेला तो पंखांचा किडा माझ्या मनातून गेला नव्हता, आणि कन्हानसाठी निसर्गाने घडविलेली खरी माशी तीच होय, असा माझा निश्चय झाला होता. तपकिरी रेशमाचे अंग आणि चार पंखांसाठी पांढऱ्या कोंबड्याची चार पिसे सपाट बांधून मी ती तयार केली. मृगाचा पाऊस झाला, नदी हातभर चढली, पाण्याचा रंग पालटला आणि दिवेलागणीला वाळवी उडाली. डोहावर किड्यांचा खच पडला होता. आणि एरवी दिवसदिवस ज्यांची पाठ दिसू नये, ते मासे त्या दिवशी डोहभर तोंडे काढीत होते. ओठांचा चुटका आवाज चहूकडून येत होता. मी दोरी झुलविली, माशी उतरली, आणि पाणी न फोडता एक मोठे तोंड तिच्याखाली उघडून मिटले. अर्धा तास मी त्या माशाशी झगडलो. काठी दुमडावी इतकी वाकली होती. शेवटी गुडघाभर पाण्यात उतरून मी तो कवेत घेतला आणि घाटाच्या पायरीवर ठेवला. कतल्याची मादी होती. पोट तटतटलेले होते, आणि तिला पायरीवर ठेवताच माझ्या हाताच्या दाबाने तिच्यातून राजगिऱ्याच्या दाण्यांसारखी पिवळसर, ओली गाबोळी ओघळून दगडाच्या खाचांत पसरली.

काका डोंग्यातून उतरून आले. त्यांनी प्रथम ओंजळीने पाणी घेऊन तिच्या कल्ल्यांवर ओतले.

“आज नोको होतं, बाबू,” ते म्हणाले. “आज थे माहेराले चालली होती.”

आम्ही तिला पाण्यात सोडले. ती गेली, पण कुशीवर गेली. पुढे तिचे काय झाले ते मला ठाऊक नाही. घाटाच्या दगडावरची गाबोळी मी हाताने गोळा करू लागलो आणि ती बोटांना चिकटून राहिली, तेव्हा मला रडू फुटले.

चढणीचे मासे हा शब्द मी त्यापूर्वीही ऐकला होता, पण बाजारात, टोपलीवर, भाव विचारताना. त्याचा अर्थ त्या संध्याकाळी समजला. रोहू, कतला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात वीत नाहीत. गाबोळी पोटात पक्व होऊनही चढत्या, वाहत्या, गढूळ पाण्याचा स्पर्श होईपर्यंत ते थांबतात, आणि मग प्रवाहाविरुद्ध उथळ काठांकडे निघतात. हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञाने १० जुलै १९५७ रोजी ओरिसातल्या अंगुल येथे मस्तकग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बांधल्या पाण्यात प्रथम प्रसवविले. त्यानंतर तलावांतून मत्स्यबीज सोडणे सुकर झाले, आणि तो फार मोठा उपकार होय. पण नदीतल्या मादीला अजूनही पाऊसच लागतो. म्हणजे जो पाऊस माशीला पंख देतो आणि सगळ्या डोहाला माझ्या माशीकडे खेचून आणतो, तोच पाऊस तिला माहेरी नेतो. अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी कोरविलेल्या स्तंभलेखात चातुर्मासींच्या पौर्णिमांना आणि काही उपोषणाच्या दिवशी मासे मारू अथवा विकू नयेत अशी आज्ञा आहे. तिच्यामागे धर्मविचार होता हे खरे. पण ती वाचताना मला त्या पायरीवरची मादी दिसते.

माझी सारी नोकरी जमिनीच्या दप्तरात गेली. या मुलखात प्रत्येक मौजाचा वाजिब-उल-अर्ज असे, म्हणजे त्या गावच्या रूढींची नोंद: पाण्याचा पाट कोणी कोठून न्यायचा, गाडीरस्ता कोणाच्या बांधावरून, आणि मासे धरण्याचा हक्क कोणाचा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, पण ही नोंद गेली नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही वाजिब-उल-अर्जाचे कलम आहे आणि त्यात मासेमारीच्या हक्काचा उल्लेख आहे. जीर्ण कागदांवरच्या त्या ओळी वाचताना मला नेहमी काका आठवत. हक्क लिहिला जातो तो माणसाचा; ज्या पाण्यावर तो चालवायचा त्याच्या वतीने दप्तरात एकही रकाना नाही. वरच्या अंगाला रानातल्या तोतलाडोहच्या जलाशयावर ३०५ आदिवासी कुटुंबांना दिलेल्या मासेमारीच्या परवान्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९७ साली न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत, अटी घातल्या. माणसांची भूक आणि रानाची शांतता यांच्यामध्ये न्यायाधीशांनी जी कसरत केली, ती मला मनापासून आदरणीय वाटते. पण खाली, आमच्या कन्हानवर, वाळूचे उपसे काठ पोखरीत आले, आणि २०२२ च्या जुलैत वीजकेंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटून ती राख कोलार नदीतून कन्हानला येऊन मिळाली. जुलै म्हणजे ऐन चढणीचा महिना. त्या वर्षी मी नदीवर गेलो तेव्हा उथळ काठांवरच्या गोट्यांवर राखेचा करडा लेप बसलेला होता. बोट फिरविले की रेघ उमटे. जेथे गाबोळी पडायची, तेच हे काठ. काका तोवर जाऊन बरीच वर्षे झाली होती. ते पाहायला ते नव्हते, याचे मला त्या दिवशी बरे वाटले आणि असे वाटल्याचे दुःखही झाले.

मृगात मी अजूनही जातो. पंखांच्या वाळवीची माशी अजूनही बांधतो, आता चष्मा लावून, आणि तासाऐवजी दोन तास लावून. पण बांधून झाली की चिमटीने गळाचे टोक मोडून टाकतो आणि उरलेला दांडा कानशीने घासून गुळगुळीत करतो. गेल्या जूनमध्ये पावसाची सर ओसरली तेव्हा डोहावर तोंडे निघत होती, पूर्वीच्या मानाने थोडी, पण निघत होती. मी दोरी झुलविली. माशी उतरली, क्षणभर वाहिली, आणि तिच्याखालून ते रुंद, वर वळलेले तोंड आले, उघडले, मिटले. दोरी वीतभर ताठ झाली. बांबूतून तो भार मनगटापर्यंत आला, खांद्यापर्यंत आला. मग दोरी सैल पडली आणि माशी पुन्हा वर येऊन, पंख भिजलेली, हळूहळू वाहू लागली. त्याच वेळी माझा नातू वरच्या पायऱ्यांवरून धडधडत खाली येत होता. मी वळून न पाहता हात वर केला. पावले थांबली, आणि थोड्या वेळाने मागे पाहिले, तेव्हा तो दोन्ही चपला हातात घेऊन, श्वास रोखून, ओल्या दगडावर उभा होता.